परिशिष्टे मागा

महाराष्ट्र विधानसभा आणि विधान परिषदेच्या सर्व सन्माननीय सदस्यांस,

सप्रेम नमस्कार.

दर जानेवारीत दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेहून एक आकडा येतो: राज्याने केलेल्या गुंतवणुकीच्या सामंजस्य करारांचा. २०२५ साली तो पंधरा लाख कोटी रुपयांच्या वर होता. आकडा आला की सभागृहात ठरलेली चर्चा होते. एक बाजू त्याला विक्रम म्हणते, दुसरी फुगा म्हणते आणि पुढच्या जानेवारीपर्यंत विषय मिटतो. सामंजस्य करार हा दोन-चार पानांचा कागद असतो आणि तो कोणालाच बांधून घेत नाही. गुंतवणूकदाराला नाही, सरकारलाही नाही. बांधून घेणारा कागद वर्षा-दोन वर्षांनी येतो. तेव्हा कॅमेरे नसतात, पुष्पगुच्छ नसतात. तो शेकडो पानांचा असतो, आणि त्यातला जो भाग राज्याला वीस-पंचवीस वर्षे पैसे भरायला लावतो तो मुख्य मजकुरात क्वचितच सापडतो. तो परिशिष्टांत असतो.

हे पत्र त्या परिशिष्टांबद्दल आहे. लिहिणारे आम्ही वीजनिर्मिती, बंदरे आणि प्रकल्प-वित्त या क्षेत्रांत करारांचे मसुदे वाचत आलेले काही अभियंते आणि लेखापाल आहोत. परकी भांडवल यावे की येऊ नये, या वादात आम्हाला पडायचे नाही. ते यावे. आमचे म्हणणे एवढेच आहे, की तोटा झाला तर तो कोणी सोसायचा हे ज्या कलमात लिहिलेले असते, त्या कलमातून परावलंबन येते. पैसा कुठल्या देशातून आला यावरून ते ठरत नाही.

आधी आकड्यांबद्दल थोडे. २०२४-२५ मध्ये देशात आलेल्या परकी भागभांडवलापैकी सुमारे ३९ टक्के महाराष्ट्रात आले. अभिमान वाटावा असाच आकडा आहे, पण त्यात नवे कारखाने किती हे दिसत नाही. चालू कंपनीचे शेअर एका मालकाकडून परदेशी मालकाकडे गेले तरी ती रक्कम याच रकान्यात जमा होते. त्यातून एकही यंत्र नवे बसत नाही. शिवाय कंपनीची नोंदणी मुंबईत आणि कारखाना दुसऱ्या राज्यात असेही असते. देशाच्या पातळीवर पाहा: त्याच वर्षी एकूण थेट परकी गुंतवणूक ८१ अब्ज डॉलर होती. जुन्या गुंतवणूकदारांनी परत नेलेले आणि भारतीय कंपन्यांनी बाहेर गुंतवलेले पैसे वजा केल्यावर निव्वळ शिल्लक, पहिल्या अंदाजानुसार, अर्धा अब्ज डॉलरही उरली नाही. यात काही गैर नाही. आलेले भांडवल कधीतरी परत जाणारच. म्हणून ते इथे असताना काय मागे ठेवते आणि जाताना काय घेऊन जाते, हे आधी विचारायला हवे.

आता दाभोळ, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातला अमेरिकेच्या एन्रॉन कंपनीचा वीज प्रकल्प. हे नाव काढले की सभागृहात कोण कोणाला काय म्हणाले याची उजळणी सुरू होते. करार काँग्रेस सरकारच्या काळात झाला, युती सरकारने रद्द केला, युती सरकारनेच पुन्हा केला, त्याच्या प्रतिहमीला (राज्याने पैसे दिले नाहीत तर केंद्र देईल या वचनाला) मे १९९६ मध्ये तेरा दिवसांच्या केंद्र सरकारने मान्यता दिली आणि २००१ मध्ये आघाडी सरकारच्या काळात तो मोडला. कोणाचेच हात कोरडे नाहीत, तेव्हा तो भाग सोडून देऊ. (आणखी एक: प्रकल्प दाभोळात नाहीच. दाभोळ खाडीच्या उत्तरेला, दापोली तालुक्यात. प्रकल्प दक्षिणेला, गुहागर तालुक्यातल्या अंजनवेल-वेलदूरच्या माळावर.)

तारखा थोडक्यात अशा. एन्रॉनचे लोक मुंबईत आल्यावर अवघ्या काही दिवसांत, २० जून १९९२ रोजी, महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने एन्रॉन आणि जनरल इलेक्ट्रिकबरोबर सामंजस्य करार केला. स्पर्धात्मक निविदा काढली नाही. एप्रिल १९९३ मध्ये जागतिक बँकेने कर्ज नाकारताना कळवले, की राज्याच्या गरजेपेक्षा अधिक पायाभूत (अहोरात्र चालणारी) वीज यातून तयार होईल आणि आयात द्रवरूप वायू कोळशापेक्षा महाग पडेल. डिसेंबर १९९३ मध्ये वीज खरेदी करार झाला. ऑगस्ट १९९५ मध्ये तो रद्द झाला, जानेवारी १९९६ मध्ये पुन्हा ठरला. दर कमी केल्याची घोषणा झाली. पण मूळ करारात दुसरा टप्पा घेणे मंडळाच्या मर्जीवर होते, नव्या करारात ते बंधनकारक झाले. पहिला टप्पा ७४० मेगावॅट, दुसरा १,४४४. लोकांनी दर वाचला, आम्ही टप्पा वाचला असता.

हा करार आपल्याला कुठे चावला, ते हिशेबाने पाहू. खालचे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. रीत मात्र जवळजवळ प्रत्येक वीज खरेदी कराराची हीच असते.

समजा, १,००० मेगावॅटचा प्रकल्प आहे. दराचे दोन भाग असतात. पहिला स्थिर आकार: कर्जाचे हप्ते, व्याज, भागभांडवलावरचा परतावा, देखभाल. प्रकल्प ‘उपलब्ध’ असला की हा द्यावाच लागतो, वीज घ्या वा न घ्या. दुसरा इंधनाचा आकार: जितकी वीज घ्याल तितका. समजा, स्थिर आकार वर्षाला १,५०० कोटी रुपये आणि इंधन युनिटमागे २ रुपये १० पैसे. प्रकल्प वर्षभर ९० टक्के भारांकाने, म्हणजे पूर्ण क्षमतेच्या ९० टक्के, चालला तर ७८८ कोटी युनिट मिळतात. स्थिर आकार युनिटमागे १ रुपया ९० पैसे, एकूण दर ४ रुपये. वर्तमानपत्रात हाच दर छापून येतो.

आता मागणी नाही म्हणून मंडळाने निम्मीच वीज घेतली. युनिट ३९४ कोटी झाले, १,५०० कोटी तेवढेच राहिले. दर ५ रुपये ९१ पैसे. भारांक ३० टक्क्यांवर आला तर ७ रुपये ८१ पैसे. कोणी भाव वाढवला नाही, कोणी लबाडी केली नाही. भागाकार तेवढा बदलला. दाभोळच्या विजेचा दर २००० साली काही महिन्यांत सात रुपयांच्या वर गेला तो असाच. मंडळ स्वस्त वीज आधी उचलत होते, जे रास्तच होते, आणि त्यामुळे महाग वीज आणखी महाग होत होती. वीज महाग म्हणून कमी घ्यायची आणि कमी घेतली म्हणून ती आणखी महाग, असे ते चक्र आहे. ९० टक्के उपलब्धतेचे पैसे बांधून घेतलेल्या खरेदीदाराला त्यातून सुटता येत नाही.

यावर रुपया. स्थिर आकाराचा मोठा भाग डॉलरमध्ये ठरलेला होता आणि इंधनाचा भावही डॉलरशी बांधलेला. १९९३ साली डॉलर ३१ रुपयांच्या आसपास होता, २००१ मध्ये ४७ च्या आसपास, म्हणजे दीडपट. वरच्याच उदाहरणात सगळे डॉलरमध्ये धरा: १,५०० कोटींचे २,२५० कोटी झाले, इंधन ३ रुपये १५ पैसे. पूर्ण ९० टक्क्यांना चालला तरी दर ६ रुपये. निम्म्यावर चालला तर ८ रुपये ८६ पैसे. शेतकऱ्याचे बिल रुपयात, पाणीपुरवठा योजनेचे बिल रुपयात, आणि मंडळाचे देणे डॉलरमध्ये. विनिमय दराची जोखीम पेलण्याची ताकद ज्याच्याकडे सर्वांत कमी, त्याच्याच गळ्यात ती बांधली गेली.

म्हणून पहिली मागणी अशी करा: प्रत्येक दीर्घ मुदतीच्या कराराबरोबर एका पानाचा तक्ता. आडव्या ओळीत भारांक ९०, ६०, ४५, ३०. उभ्या ओळीत डॉलरचा आजचा भाव, २५ टक्के जास्त, ५० टक्के जास्त. प्रत्येक चौकोनात युनिटचा दर, किंवा बंदर असेल तर टनामागचा, मेट्रो असेल तर फेरीमागचा खर्च. हे काम एका दिवसाचे आहे. ज्या प्रस्तावाबरोबर हा तक्ता येत नाही, त्यात तो मुद्दाम टाळला आहे असे समजायला हरकत नाही.

दुसरी जागा फारसे कोणी पाहत नाही: विकणारा कोण आणि विकत घेणारा कोण. दाभोळ कंपनीत सुरुवातीला एन्रॉनचा ८० टक्के वाटा होता, जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेलचा प्रत्येकी १० टक्के. टर्बाइन जनरल इलेक्ट्रिकची, बांधकाम बेक्टेलचे, इंधन आणि चालवण्याची व्यवस्था एन्रॉनच्या गोटात. म्हणजे भागीदारच पुरवठादार. अशा प्रकल्पात भागीदाराचा नफा लाभांशाची वाट पाहत नाही. यंत्राच्या किमतीत, बांधकामाच्या ठेक्यात आणि व्यवस्थापन शुल्कात तो आधीच निघालेला असतो. यंत्राची किंमत फुगली की भांडवली खर्च फुगतो, त्यावरचा परतावा फुगतो आणि स्थिर आकारही फुगतो. लाभांशावर मर्यादा घालून काही साधत नाही. त्यावेळच्या केंद्राच्या धोरणात ६८.५ टक्के भारांकाला १६ टक्के परतावा असे मोजमाप होते. पण भांडवली खर्चच तपासला नाही तर १६ टक्के कशाचे, हा प्रश्न उरतो. संबंधित कंपन्यांशी केलेल्या प्रत्येक खरेदीसाठी तीन स्वतंत्र दरपत्रके जोडलेली असावीत. नसतील तर तो खर्च दरात धरू नये.

तीच गोष्ट हीट रेटची, म्हणजे एका युनिटसाठी किती किलोकॅलरी उष्णता लागते याची. करारात समजा १,८५० धरली आणि यंत्राला प्रत्यक्षात १,७५० लागली. दर युनिटमागे १०० किलोकॅलरीचे इंधन, म्हणजे इंधनखर्चाचे पाच टक्क्यांहून जास्त, कंपनीकडे राहते. पंचवीस वर्षे. करारातला आकडा आणि यंत्र उत्पादकाने लेखी हमी दिलेला आकडा शेजारी शेजारी ठेवून पाहा. अभियंत्याचे पाच मिनिटांचे काम आहे. ते कोणी केले नाही तर ग्राहक पंचवीस वर्षे फरक भरत राहतो.

तिसरी जागा ‘उपलब्धता’ हा शब्द. पैसे उपलब्धतेचे द्यायचे, मग ती ठरवणार कोण? साधारणपणे कंपनीच दुसऱ्या दिवसाची उपलब्धता जाहीर करते. जानेवारी २००१ मध्ये मंडळाने दाभोळला थंड अवस्थेतून पूर्ण भारावर यायला सांगितले. करारानुसार हे तीन तासांत व्हायला हवे होते, ते झाले नाही. मंडळाने सुमारे ४०० कोटी रुपयांचा दंड मागितला आणि तिथून वाद चिघळला. यातले तंत्र समजून घेण्यासारखे आहे. संयुक्त चक्राच्या प्रकल्पात गॅस टर्बाइन लवकर वेग घेते. पण तिच्या उष्णतेवर चालणाऱ्या स्टीम टर्बाइनचा जाड रोटर आणि बाहेरचे आवरण सावकाश तापवावे लागते. घाई केली तर दोन्ही वेगवेगळ्या वेगाने प्रसरण पावतात, आतली अंतरे कमी होतात आणि पाती घासतात. पूर्ण थंड यंत्राला म्हणूनच बरेच तास लागतात. तीन तासांचे वचन परिशिष्टात कसे आले याची चौकशी कोणाला करायची तर करावी. आमच्या मते खरी चूक दुसरीकडे होती. ज्या चाचणीवर शेकडो कोटी अवलंबून होते ती चाचणी खरेदीदाराने पैसे थकल्यानंतर घेतली. ती प्रकल्प ताब्यात घेताना, दोन्ही बाजूंच्या मीटरसह, उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यात एकदा घ्यायची असते. नंतर दर वर्षी पूर्वसूचना न देता. करारात हे नसेल तर जाहीर केलेली उपलब्धता म्हणजे कागदावरचा शब्द.

आता हमी. मंडळाने पैसे दिले नाहीत तर राज्य देईल, ही हमी. राज्याने दिले नाहीत तर केंद्र देईल, ही प्रतिहमी. ती पहिल्या टप्प्यापुरती होती. शिवाय पतपत्र, म्हणजे पैसे देण्याचे बँकेचे वचन, आणि एस्क्रो, म्हणजे काही मंडलांची (वीज मंडळाच्या विभागांची) वीजबिल वसुली आधी कंपनीसाठी बाजूला. चार कुलपे, आणि चारही एकाच बाजूच्या किल्लीने उघडणारी. एस्क्रोचा परिणाम हळूहळू दिसतो. चांगली वसुली देणारी मंडले गहाण पडली की उरलेल्या वसुलीत पगार, कोळशाची बिले आणि दुरुस्ती बसवावी लागते. दुरुस्ती पुढे ढकलली जाते. जुने संच बंद पडू लागतात आणि महाग वीज घेण्याशिवाय इलाज उरत नाही. हमीचा आकडा अर्थसंकल्पाच्या विवरणात असतो, एस्क्रोत अडकलेली वसुली कोणत्याच विवरणात नसते.

‘परकी’ गुंतवणुकीबद्दल एक टोचणारी गोष्ट इथेच सांगावी लागते. दाभोळच्या कर्जाचा मोठा भाग भारतीय वित्तसंस्थांनी दिला होता आणि परदेशी कर्जाच्या काही भागालाही त्यांनीच हमी दिली होती. प्रकल्प मे २००१ मध्ये बंद पडला, एन्रॉनने २ डिसेंबर २००१ रोजी दिवाळखोरी जाहीर केली, आणि बुडीत कर्जे इथल्याच बँकांच्या पुस्तकांत राहिली.

बाहेर पडण्याचे कलम हे शेवटचे आणि बहुधा सर्वांत महागडे. करार मोडला तर कोणी कोणाला किती द्यायचे, वाद कुठे चालणार, कोणता कायदा लागू? जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांनी मॉरिशसमधील कंपन्यांमार्फत गुंतवणूक केली होती, म्हणून भारत-मॉरिशस गुंतवणूक कराराचा आधार घेऊन त्यांनी केंद्र सरकारला आंतरराष्ट्रीय लवादात खेचले. शेवटी २००५ मध्ये तडजोड झाली. करार केला वीज मंडळाने, प्रतिवादी झाले भारत सरकार. जिल्हाधिकारी कार्यालयातला किंवा एखाद्या महामंडळातला निर्णयसुद्धा दिल्लीला परदेशात उभे करू शकतो, हे प्रत्येक सदस्याला माहीत असायला हवे. झारखंडमधील पिपरवारच्या कोळसा खाणीच्या प्रकरणात तर मूळ करार कोल इंडियाचा होता, भारत सरकार त्यात पक्षही नव्हते. ऑस्ट्रेलियन कंपनीला लवादाने दिलेला निवाडा आपल्या न्यायालयांत नऊ वर्षे रखडला एवढ्यावरून २०११ मध्ये भारताविरुद्ध निकाल गेला. आणि ज्या कलमावर गेला ते ऑस्ट्रेलियाबरोबरच्या करारात नव्हतेच, कुवेतबरोबरच्या करारातून उसने घेतलेले होते. त्यानंतर केंद्राने २०१५ चा नमुना करार आणला: आधी पाच वर्षे देशातल्या न्यायालयांत दाद मागायची, मग लवाद. संयुक्त अरब अमिरातीबरोबरच्या २०२४ च्या करारात ही मुदत तीन वर्षांवर आली, आणि नमुना करार गुंतवणूकदारांना अधिक सोयीचा करण्याची घोषणा २०२५ च्या अर्थसंकल्पात झाली. हा विषय केंद्राचा असला तरी त्याचे बिल राज्यांच्या निर्णयांवरून फाटते. राज्याने आपले म्हणणे लेखी कळवायला हवे.

हे केवळ आपल्याच वाट्याला आले असे नाही. पाकिस्तानने १९९४ च्या धोरणात खासगी वीजनिर्मात्यांना डॉलरशी जोडलेला क्षमता आकार, म्हणजे वरचा स्थिर आकारच, दिला. त्या आणि नंतरच्या करारांचे ओझे इतके वाढले, की ऑक्टोबर २०२४ मध्ये पाच करार मुदतीआधी संपवावे लागले. इंडोनेशियात १९९७ च्या मध्याला एका डॉलरला सुमारे २,४०० रुपिया मिळत, पुढच्या वर्षी दहा हजारांच्या वर. सरकारी वीज कंपनीचे डॉलरमधले सगळे करार एका फटक्यात न परवडणारे झाले. घानात विजेच्या टंचाईत घाईने करार झाले आणि २०१८ पर्यंत बसवलेली क्षमता ५,००० मेगावॅटच्या आसपास, तर कमाल मागणी २,७०० च्या आसपास अशी स्थिती आली. न वापरलेल्या विजेचे पैसे तो देश भरत राहिला. एक करार रद्द केला म्हणून २०२१ मध्ये लवादाने १३ कोटी डॉलरहून अधिक भरपाई द्यायला लावली. या सर्व ठिकाणी धागा एकच दिसतो: टंचाईच्या काळात सह्या झाल्या. अंधारात बसलेला माणूस मेणबत्तीचा भाव करत नाही.

आणि आता खुर्ची फिरली आहे. झारखंडमधील गोड्डा येथील १,६०० मेगावॅटच्या प्रकल्पाची वीज पंचवीस वर्षे बांगलादेशने घ्यायची, असा करार २०१७ मध्ये भारतीय कंपनीने केला. कोळशाचा भाव कोणत्या निर्देशांकाने धरायचा, यावर तिथे तक्रारी झाल्या. २०२४ च्या अखेरीस थकबाकीवरून पुरवठा निम्म्यावर आला. ढाक्यात आज जे प्रश्न विचारले जातात ते शब्दशः आपल्या १९९५ च्या सभागृहातले आहेत. भांडवल भारतीय असल्याने त्या कलमांचा स्वभाव बदलला नाही. महावितरणने देशी कंपन्यांशी केलेल्या करारांनाही वरचा तक्ता लावून पाहा.

मग स्वावलंबन कशाला म्हणायचे? याचे उदाहरण महाराष्ट्राच्याच किनाऱ्यावर आहे. तारापूरचे पहिले दोन अणुसंच १९६९ मध्ये सुरू झाले. अमेरिकी मदतकर्ज, जनरल इलेक्ट्रिकच्या अणुभट्ट्या, बेक्टेलचे बांधकाम. दाभोळच्या तीन भागीदारांतले दोघे! करारही एकाच पुरवठादाराच्या हवाली: समृद्ध युरेनियम तीस वर्षे अमेरिकेनेच द्यायचे. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर आणि अमेरिकेच्या १९७८ च्या कायद्यानंतर तो पुरवठा अडला. कागदावर हे दाभोळहून वाईट परावलंबन होते. तरी तारापूर बंद पडले नाही. इंधनाचे जोड (युरेनियमच्या कांड्यांचे गठ्ठे) तोवर हैदराबादच्या अणुइंधन संकुलात तयार होऊ लागले होते. त्यामुळे १९८० च्या दशकात फ्रान्सकडून युरेनियम घेता आले. पुढे प्लुटोनियम मिसळलेल्या इंधनाचे जोड इथेच बनवून भट्टीत वापरून पाहिले. दुय्यम वाफजनित्रांच्या नळ्या गळू लागल्या तेव्हा प्रत्येक संच २१० ऐवजी १६० मेगावॅटवर चालवायचे ठरले आणि दुरुस्ती आपल्या माणसांनी केली. त्याच आवारात २००५ आणि २००६ मध्ये उभे राहिलेले ५४० मेगावॅटचे तिसरा आणि चौथा संच भारतीय रचनेचे आहेत.

दाभोळमधून असे काय शिकून घेतले? २००५ मध्ये सार्वजनिक कंपन्यांनी तो ताब्यात घेतला तेव्हा टर्बाइन दुरुस्त करून घेण्यातच काळ गेला. वायूच्या जेटीची लाटारोधक भिंत अर्धवट होती, त्यामुळे पावसाळ्यात जहाजे लागत नव्हती. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला वायू आटल्यावर २०१३ मध्ये प्रकल्प पुन्हा थंड झाला. २०१५ पासून त्याची सुमारे ५०० मेगावॅट वीज रेल्वेने घ्यायची असे ठरले.

फरक देशभक्तीचा नव्हता, कलमांचा होता. तारापूरमध्ये नकाशे, चालवण्याचे प्रशिक्षण आणि इंधन बनवण्याचे काम आपल्या हाती आले. म्हणून कोणताही मोठा परकी प्रकल्प आला की रोजगाराचा आकडा विचारण्याआधी हे विचारा: यंत्राचे उत्पादन-नकाशे कोणाच्या मालकीचे राहणार? साचे आणि डाय कोणाच्या नावावर? नियंत्रण प्रणालीचा पासवर्ड प्रकल्पात की परदेशातल्या कार्यालयात? दहा सर्वांत महत्त्वाचे सुटे भाग कोणते, आणि पाचव्या वर्षी त्यांतले किती देशात बनणार? न बनल्यास दंड किती? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘प्रयत्न करू’ असे असेल तर ते कलम नाही, शुभेच्छा आहेत.

रॉयल्टीचेही बघा. डिसेंबर २००९ पर्यंत तंत्रज्ञानाची रॉयल्टी आपोआप मंजुरीच्या मार्गाने देशांतर्गत विक्रीच्या ५ टक्के आणि निर्यातीच्या ८ टक्क्यांपुरतीच देता येत असे. नंतर मर्यादा उठली. लाभांश नफा झाला तरच निघतो. रॉयल्टी विक्रीवर, म्हणजे तोट्याच्या वर्षीही निघते. ज्या कंपनीला राज्य जीएसटीचा परतावा आणि वीज शुल्काची माफी देते, तिने मातृकंपनीला वर्षाला किती रॉयल्टी पाठवली हे विचारण्याचा राज्याला पूर्ण हक्क आहे. सामूहिक प्रोत्साहन योजनेखालच्या विशाल प्रकल्पांच्या खास पॅकेजमध्ये ही अट एका वाक्यात घालता येते.

सौरऊर्जेत आज आपण स्वावलंबी झालो असे ऐकू येते. पॉलिसिलिकॉनपासून (शुद्ध सिलिकॉन) इंगट (ठोकळा), त्यापासून वेफर (पातळ चकती), त्यापासून वीज तयार करणारा सेल आणि शेवटी पॅनेल अशी ती साखळी. पॅनेल जुळवण्यात आपण पुढे आलो. काच, चौकट, लॅमिनेशन इथे होते. पण मागे जाल तसा वाटा कमी होत जातो. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२२ च्या अहवालानुसार साखळीच्या प्रत्येक पायरीवर चीनचा वाटा ८० टक्क्यांहून अधिक होता. म्हणून सौर कृषिपंपाच्या निविदेत ‘भारतीय पॅनेल’ एवढेच लिहून भागत नाही, सेल कुठला हे लिहावे लागते. चुंबकांचे उदाहरण ताजे आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मिळ खनिजांच्या आणि त्यांपासूनच्या चुंबकांच्या निर्यातीवर नियंत्रण आणले आणि काही महिन्यांत पुण्याच्या विद्युत वाहन उद्योगाला झळ बसली. मोटरमधला मूठभर वजनाचा चुंबक. त्यात परकी गुंतवणूक शून्य आणि अवलंबन पूर्ण.

आता आपल्या अधिकाराबद्दल. संविधानाच्या अनुच्छेद २९३ नुसार राज्याच्या एकत्रित निधीच्या तारणावर कर्ज घेण्याची आणि हमी देण्याची मर्यादा विधिमंडळ कायद्याने ठरवू शकते. ‘हमी’ या शब्दाच्या व्याख्येत एस्क्रो, किमान खरेदीचे वचन आणि करार मोडल्यास द्यायची रक्कम धरली तर निम्मे काम झाले. ठराविक रकमेच्या वरचा, पंधरा वर्षांहून अधिक मुदतीचा कोणताही करार सहीच्या तीस दिवस आधी परिशिष्टांसह सभागृहासमोर यावा. व्यापारी गोपनीयतेचे कारण पुढे येईल. दाभोळचा करारही सुरुवातीला गुप्तच होता. पुण्याच्या ‘प्रयास’ या वीजक्षेत्राचा अभ्यास करणाऱ्या गटाने त्यातले आकडे मांडून दाखवले तोपर्यंत सह्या वाळल्या होत्या. खरोखर गोपनीय असेल ते काळे करा, पण जोखीम कोणाची हे काळे करता येणार नाही. दाभोळ तपासणाऱ्या माधव गोडबोले समितीचा एप्रिल २००१ चा अहवाल आणि नंतरचा न्या. कुर्डुकर आयोग हे दोन्ही नंतर आले. आयोगाचे काम तर पुरे झालेच नाही. तपासणी सहीआधी हवी.

ती करायला माणसे लागतात. समोरच्या बाजूला तीस वर्षे हेच काम करणारे वकील असतात, आपल्या बाजूला बदलीच्या यादीकडे डोळे लागलेला अधिकारी. पंधरा जणांचा कायमचा करार कक्ष नेमा: चार वकील, चार वित्ततज्ज्ञ, सहा अभियंते आणि सगळे जुने करार जपून ठेवणारा एक ग्रंथपाल. या ग्रंथपालावर वित्त विभाग आक्षेप घेईल. त्याला वगळू देऊ नका. १९९५-९६ च्या फेरवाटाघाटीत १९९३ चा करार शेजारी उघडा ठेवून दुसऱ्या टप्प्याचे कलम कोणी वाचले असते तर ते अशाच एखाद्या ग्रंथपालाने.

येत्या अधिवेशनासाठी तारांकित प्रश्नाचा मसुदा देत आहोत: ‘राज्य शासन, महामंडळे आणि वीज कंपन्या यांनी केलेल्या किती करारांत किमान खरेदीचे, परकी चलनाशी जोडलेल्या देयकाचे किंवा परदेशातील लवादाचे कलम आहे, त्या प्रत्येकाची उरलेली मुदत किती, आणि आज तो करार संपवल्यास राज्याला किती रक्कम द्यावी लागेल?’ ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ असे उत्तर आले तर उपप्रश्न एकच विचारा: ही माहिती आजवर कोणाकडे होती?

आपले,
करार वाचणारे काही अभियंते आणि लेखापाल